आठवीतला मुलगा रोज सकाळी पोट दुखतं म्हणतो, नक्की काय समजायचं?

सिंहगडरोडची_आई:
मुलगा आठवीत, सकाळची शाळा. दिवाळीची सुट्टी संपल्यापासून रोज सव्वासहाला पोट दुखतंय म्हणून बाथरूममध्ये जाऊन बसतो, खाली व्हॅनवाले काका हॉर्न वाजवतायत आणि हा बाहेर येत नाही. डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, सगळं नॉर्मल. रविवारी मात्र दुखत नाही, म्हणून घरात सगळे म्हणतात नाटकं आहेत. डबा तसाच परत येतो आणि शर्टाची कॉलर चावून चावून पार विरलीये. विचारलं की "काही नाही गं". समुपदेशकाचं नाव काढलं तर सासूबाई म्हणाल्या, त्याला काय वेड लागलंय का? खूप घाबरलेय, कुणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज.

खडू_फळा:
ताई, मी शिक्षिका आहे, नाटक म्हणू नका हो त्याला. परीक्षेआधी आपल्या पोटात गोळा येतो ना, तसंच ते, खरंच दुखतं. रविवारी दुखत नाही यातच सगळं आलं. वर्गशिक्षिकेला एकटीला भेटा, पालकसभेत सगळ्यांसमोर हा विषय नको. मधल्या सुट्टीत तो कुठे असतो, व्हॅनमध्ये कुणाशेजारी बसतो, असं बारीकसारीक विचारा. आणि शाळा सलग बुडू देऊ नका, जितके दिवस घरी तितकं परत जाणं जड जातं, वाटल्यास थोडे दिवस अर्धा दिवस पाठवा.

तळजाईकर:
माझी मुलगी नववीत असताना समोर बसवून विचारलं की गप्प. स्कूटरवर मागे बसली की बोलायची, माझं तोंड दिसायचं नाही ना. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिच्या फोटोचं स्टिकर फिरत होतं. मी पटकन म्हणालो "दुर्लक्ष कर गं", आणि ती पुढे दोन आठवडे काहीच बोलली नाही. ते अजून लागतं मनाला. तुम्ही लगेच उपाय सांगू नका, नुसतं ऐका.

निळी_छत्री:
14416 वर फोन करा, टेली मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, 2022 पासून सुरू आहे, 24 तास, फुकट, मराठीत बोलतात. पालकांनीही केला तर चालतो. वेड वगैरे काही नाही, ताप आला तर डॉक्टरकडे जातोच ना आपण. प्रत्यक्ष दाखवायचं असेल तर पुण्यात ससून हॉस्पिटलला मानसोपचार विभाग आहे. झोपेचंही बघा, 13 ते 18 वयात 8 ते 10 तास लागते आणि या वयात झोप मुळात उशिराच येते, त्यात साडेपाचला उठायचं. पण "जगून काय करू" असं काही बोलला तर थांबू नका, एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

सिंहगडरोडची_आई:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल दूध आणायच्या निमित्ताने त्याला स्कूटरवर मागे घेतलं, मी काहीच विचारलं नाही. परत येताना आपणच म्हणाला, आई, व्हॅनमध्ये मागच्या सीटवरची दहावीची मुलं रोज माझा डबा उघडतात आणि त्यात थुंकतात. मी गाडी बाजूला घेतली, काही बोलता येईना, नुसता त्याचा हात धरला. उद्या मॅडमना भेटतेय, व्हॅन आजपासून बंद, मीच सोडणार. आज पोळीभाजी संपवून आलाय.