मदत हवी आहे: आईचा पहाटेचा वॉक चालू ठेवू की बंद करू?

नमस्कार मंडळी, आई ६६ वर्षांची, आम्ही बडोद्याला दांडिया बाजारात राहतो. सहाएक महिने झाले तिचं विसरणं फार वाढलंय. परवा दूधवाल्याला महिन्याचे पैसे दोनदा दिले, तो भला माणूस म्हणून परत देऊन गेला, आणि कपाटाची किल्ली घरभर शोधली तर निघाली साबुदाण्याच्या डब्यात. चाळीस वर्षांपूर्वीचं मात्र सगळं पाठ, कुणाच्या मुंजीत जिलबी कमी पडली ते सुद्धा.

चालल्याने स्मरणशक्ती सुधारते असं वाचलं म्हणून मीच मागे लागून तिला पहाटे ५ ला उठवून कमाटीबागेत पाठवायला लागलो. जाते बिचारी. पण सिरीयल, मग फोनवरची भजनं, असं करत झोपायला साडेबारा, म्हणजे झोप जेमतेम साडेचार तास आणि दुपारी दोन तास आडवी. विसरणं उलट वाढल्यासारखं वाटतंय. माझंच चुकलं का? वॉक बंद करू?

खिडकीतली जाई: बंद नका करू हो, वेळ बदला! २०११ च्या एका अमेरिकन अभ्यासात १२० वयस्कर लोक होते, त्यातल्या एका गटाला वर्षभर आठवड्यातून ३ दिवस ४० मिनिटं चालवलं तर हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी तयार करणारा मेंदूचा भाग, साधारण २ टक्के वाढला, नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांचा घटला. पण दिवसभरातलं पक्कं होतं ते गाढ झोपेत, तीच कापलीत तर काय उपयोग? लंडनच्या यूसीएल विद्यापीठाने २०२३ मध्ये जवळजवळ ९ हजार जणांचा १० वर्षांचा डेटा मांडला, त्यात पन्नाशी-साठीतले जे भरपूर हालचाल करून ६ तासांपेक्षा कमी झोपत होते, ते दहा वर्षांनी स्मरणशक्ती-विचारशक्तीत कमी हालचाल करणाऱ्यांच्याच रांगेत.

निवृत्त फिजिओ: आधी डॉक्टरांना दाखवा. बी१२ आणि थायरॉईड तपासा, दोन्हींनी विसराळूपणा येतो. झोपेची किंवा सर्दीची गोळी रोज चालू आहे का? असेल तर तेही सांगा, मनाने एकदम बंद करू नका. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा.

धागाकर्ता: धन्यवाद! सर्दीची गोळी आहे खरी, रोज रात्री, माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शनिवारी डॉक्टरांकडे नेतोय. संध्याकाळच्या वॉकचं आईला विचारलं तर म्हणे बागेत गर्दी असते, सुरसागर तलावाला फेऱ्या मारीन, पण येताना शेवउसळ पाहिजे.