टॅन एक्स = टी धरलं की उत्तर शून्य येतंय. चूक कुठे आहे?

बार्शीचा_बारावी:
स्टेट बोर्ड, डेफिनिट इंटिग्रेशन. गणित असं: लिमिट ० ते पाय, आत १ छेद (१ + साईन वर्ग एक्स).

अंश-छेदाला कॉस वर्गाने भागलं. वर सेक वर्ग, खाली १ + २ टॅन वर्ग. टॅन एक्स = टी धरलं, वरचा सेक वर्ग डीटीत गेला, खाली १ + २ टी वर्ग. इथवर मस्त. मग लिमिट बदलायला गेलो तर टॅन ० = ० आणि टॅन पाय पण ०. म्हणजे शून्यापासून शून्यापर्यंत, विषयच संपला! गाईडात उत्तर पाय छेद √२ आहे. तीन पानं खाडाखोड झाली. क्लासमध्ये विचारलं तर "प्रॉपर्टी वापर, पुढचं घे". प्रॉपर्टी (० ते पायचं ० ते पाय छेद २ करून दुप्पट करायचं) येते हो मला, पण माझी कुठली स्टेप चुकली ते सांगा ना कुणीतरी.

डिप्लोमावाला:
सोपंय भावा. एसटीने बार्शीहून सोलापूरला जाऊन परत बार्शीलाच आलास म्हणून तिकीट शून्य होतं का? सुरुवात-शेवट एकच आला की सबस्टिट्यूशन चालत नाही, एवढं लक्षात ठेव.

एसवाय_गणित:
एसटीचं उदाहरण झकास आहे, पण नियम चुकीचा आहे. त्यावर नंतर येते.

मी प्रिलिमला हेच गणित हेच करून शून्य लिहून आले होते, आणि वर चौकटपण केली होती. तेव्हा एकदा तरी आकृती काढायला हवी होती. साईन वर्ग ० ते १ मध्येच फिरतो, म्हणजे तुझं फंक्शन १/२ च्या खाली जात नाही आणि १ च्या वर जात नाही. रुंदी पाय. उत्तर म्हणजे ग्राफखालचं क्षेत्रफळ, मग ते १.५७ आणि ३.१४ च्या मध्येच हवं. शून्य कुठून येणार? पाय छेद √२ म्हणजे साधारण २.२२, बरोबर बसतं. (सीईटीला ९० मिनिटांत ५० गणितं असतात, तिथे पर्याय उडवायला हा अंदाज फार कामाला येतो.)

आता चूक. टॅनचा ग्राफ काढ आणि ० पासून बोट फिरव. पाय छेद २ जवळ येताना टी वर अनंताकडे पळतो. पाय छेद २ ची रेषा ओलांडलीस की तो एकदम खाली, उणे अनंतावर असतो, आणि तिथून चढत ० ला येतो. तू दोन्ही टोकं तपासलीस, मधली उडी राहिली. म्हणून पाय छेद २ ला दोन तुकडे कर. पहिल्यात टी ० ते अनंत, दुसऱ्यात उणे अनंत ते ०.

बार्शीचा_बारावी:
ताई, केलं! दोन्हीकडे पाय छेद २√२ आलं, बेरीज गाईडाशी जुळली. म्हणजे प्रॉपर्टीने अर्ध्यावर आणून दुप्पट करतात ते ही उडी टाळायलाच? मग ० ते ० आलं की दरवेळी चूकच समजायची?

एसवाय_गणित:
हो, प्रॉपर्टीने अर्ध्यावर आणलं की पलीकडे जावंच लागत नाही. पण दरवेळी चूक नाही, डिप्लोमावाल्याचा नियम इथेच पडतो. याच गणितात वर १ ऐवजी कॉस एक्स लिही आणि साईन एक्स = टी धर. लिमिट पुन्हा ० ते ०, आणि उत्तर खरोखर शून्यच. साईन कुठे तुटत नाही. पाय छेद २ च्या अलीकडे कॉस धन, पलीकडे तेवढाच ऋण, म्हणून दोन्ही क्षेत्रफळं एकमेकांना खातात.

डिप्लोमावाला:
बरं, तिकीट परत घेतो.

बार्शीचा_बारावी:
😄 आता तेच गणित ० ते २ पाय करून बघतो. तिथे टॅन दोनदा उडी मारतो ना?

एसवाय_गणित:
पाय छेद २ ला आणि ३ पाय छेद २ ला. तीन तुकडे. √२ पाय आलं नाही तर वहीचा फोटो टाक.