३-२ असताना सहावा सामना ‘निर्णायक’ का नाही?

एनएचएलची (उत्तर अमेरिकेतली आइस हॉकी लीग) मालिका, म्हणजे जो आधी चार सामने जिंकेल त्याची, ३-२ वर असताना सहाव्या सामन्याला निर्णायक का म्हणत नाहीत, असं वर विचारलंय. कारण त्यात मालिका संपेलच याची खात्री नसते. मागचा संघ जिंकला की ३-३, मग सातवा आलाच. तो सहावा सामना मागच्या संघासाठी ‘एलिमिनेशन गेम’, म्हणजे हरला की बाहेर. पुढच्याने जिंकून मालिका खिशात घातली तर त्याच्यासाठी ‘क्लिंचर’. दोघांच्याही डोक्यावर टांगती तलवार असते ती फक्त ‘गेम सेव्हन’ला.

२०२४ची फायनल बघा. फ्लोरिडा ३-० ने पुढे, म्हणजे एडमंटनसाठी चौथा, पाचवा, सहावा हे तिन्ही एलिमिनेशन गेम. तिन्ही जिंकले बाप्पा! सातव्यात मात्र फ्लोरिडाने २-१ ने काम तमाम केलं. फायनलमध्ये ०-३ वरून मालिका फिरवणारा संघ एकच, १९४२चा टोरांटो.

वेळापत्रकात पाचव्या ते सातव्या सामन्यापुढे ‘गरज पडल्यास’ अशी खूण असते, ती न बघता अलार्म लावू नका. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे रात्री आठ म्हणजे उन्हाळ्यात नागपुरात पहाटेचे साडेपाच. आणि ऑफिस गाठायचं असेल तर हेही ध्यानात ठेवा: प्लेऑफमध्ये (साखळीनंतरच्या बाद फेरीच्या मालिकांत) शूटआउट, म्हणजे एकेका खेळाडूने गोलरक्षकासमोर गोल करायचा प्रकार, नाही. बरोबरी झाली की पूर्ण २० मिनिटांचा ओव्हरटाइम, पाच विरुद्ध पाच, पहिला गोल पडला की खेळ खल्लास. नाहीच पडला तर आणखी २० मिनिटं, मग पुन्हा २०. साखळी सामन्यांतला पाच मिनिटांचा, तीन विरुद्ध तीनचा प्रकार इथे चालत नाही.