३६० बूथचा ओव्हरले: मागे पांढरा पडदा का येतो?

प्रश्न: रविवारी लग्नात ३६० बूथचं (माणसांभोवती कॅमेरा गोल फिरतो ते) काम आहे. १०८० बाय १९२० पिक्सेलचा ओव्हरले, म्हणजे व्हिडिओवर बसवायची नावं-नक्षीची चौकट, केलाय, पण व्हिडिओवर चढवला की सगळं पांढरं, माणसं दिसतच नाहीत. शिवाय रीलवर टाकलं की खालची नावं झाकली जातात.

उत्तर १: जेपीजी सेव्ह केलंत ना? त्यात पारदर्शकता राहत नाही. बॅकग्राउंड लेयर बंद करून पीएनजी काढा. नावं तळापासून निदान ४०० पिक्सेल वर घ्या, खाली कॅप्शन बसते. मधला भाग मोकळा सोडा. नाचताना हात वर जातात.

उत्तर २: देवनागरीत ट्रॅकिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) शून्यच ठेवा, नाहीतर ‘शुभविवाह’ची शिरोरेषा तुटते. आणि ती एक पिक्सेलची सोनेरी नक्षी नकोच. व्हॉट्सॲपवर गेली की तिचा चिखल होतो.

प्रश्नकर्ता: जेपीजीच होती, दादा!