डोमकावळा म्हणजे रेव्हन का?

प्रश्न
टॉवर ऑफ लंडनवरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. तिथे किमान सहा रेव्हन कायम ठेवतात. ते गेले तर राज्य बुडेल अशी समजूत आहे. मी बिनदिक्कत 'डोमकावळे' लिहिलं. तपासणाऱ्यांचा शेरा आला, "डोमकावळा आमच्या शेवग्यावर बसतो, तो लंडनला कधी गेला?" इंग्रजी-मराठी कोशात तर रेव्हनपुढे डोमकावळाच सापडतो. मग चुकलं कोण? आणि डोमकावळा नि साधा कावळा ओळखायचे कसे? मला दोन्ही काळेच दिसतात.

प्रतिसाद १
शेरा बरोबर आहे. रेव्हन वेगळा पक्षी. भारतात तो राजस्थान-पंजाबकडे नि हिमालयात दिसतो, महाराष्ट्रात नाही. आकाराने घारीएवढा, गळ्याला दाढीसारखी लोंबती पिसं, आणि उडताना शेपटी पाचरीसारखी दिसते. कोशकारांना मोठा काळा कावळा म्हणून हाताशी डोमकावळा होता, तो त्यांनी लावून दिला.
आपल्या डोमकावळ्याला तर शास्त्रीय नावही दख्खनमधल्या पक्ष्यांवरूनच मिळालं. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने इथल्या पक्ष्यांची यादी केली, त्यात १८३२ साली त्याचं नाव ठेवलं कॉर्व्हस कल्मिनाटस. कल्मेन म्हणजे चोचीचा वरचा कणा. चोच बघितलीत की नाव पटतं: जाड, वरून कमानीसारखी वाकलेली. गावकावळ्याची चोच त्यामानाने सडपातळ.

प्रतिसाद २
चोच लांबून कळत नाही हो. मान बघा. गावकावळ्याच्या मानेवर, पाठीच्या वरच्या भागावर नि छातीवर राखाडी पट्टा असतो, जणू राखेत मान घालून आलाय. डोमकावळा नखशिखान्त काळाकुळकुळीत. सावलीत किंवा उजेडाच्या विरुद्ध बसला तर मात्र मानेवरची राख दिसत नाही. अशा वेळी कान वापरा. गावकावळा नाकातून 'काव काव' करतो, डोमकावळ्याचा आवाज भसाडा, घशातून येणारा.
आमच्या कोकणात पिलं उचलतो म्हणून आजी डोमकावळ्यावर दगड घेऊनच उभी असायची. पण पिंडाच्या वेळी दोघांपैकी कोण शिवला याची चौकशी तिनेही कधी केली नाही!

प्रतिसाद ३
व्युत्पत्तीचं काय? 'डोम' म्हणजे स्मशानातला, म्हणून मेलेलं खाणारा तो डोमकावळा, असं आमच्याकडे सांगतात.

प्रतिसाद १
असं सांगतात खरं. पण अमरकोशात 'द्रोणकाकस्तु काकोलः' आहे. मोठ्या कावळ्याला द्रोणकाक हे नाव जुनं आहे, आणि त्याच्यावरून डोमकावळा आला असं मानणारेही आहेत. द्रोणाचा 'डोण' होतो, पाण्याची डोण आपण म्हणतोच. अडचण पुढे आहे: ण चा म का व्हावा? 'डोणकावळा' म्हणायला काय त्रास होता? उलट काही जुन्या माणसांच्या तोंडी 'डोंबकावळा' आहे, त्यामुळे माझं मत डोंब शब्दाकडे झुकतं. फक्त स्मशानाची गोष्ट चिकटवताना जपून. डोंब हे एका समाजाचं नाव आहे, आणि मेलेलं खाण्यात गावकावळाही मागे नसतो.

प्रतिसाद २
'रानकावळा' म्हटलं तर वादच मिटतो की.

प्रतिसाद १
मिटत नाही. पुण्याच्या भरवस्तीतही डोमकावळे आहेत. त्यांना रानकावळा म्हणायचं तर रान कुठलं दाखवणार? बोलीतलं नाव असताना नवं कशाला?

प्रश्नकर्ती
मग अनुवादात काय लिहू?

प्रतिसाद १
'रेव्हन' लिहा आणि पहिल्यांदा आला की 'डोमकावळ्याहून बराच मोठा, काळा' एवढं जोडा. पुढे नुसतं रेव्हन. 'महाकाक' वगैरे घडवू नका, वाचणाऱ्याला पौराणिक राक्षस वाटेल. हाच घोळ ब्लॅकबर्डचा होतो. 'काळा पक्षी' असं शब्दशः लिहिलं तर कावळा, कोकीळ, कोतवाल कुणीही त्यात बसेल. तिथे कस्तूर लिहा, तो निदान त्याच कुळातला गाणारा पक्षी आहे.

प्रश्नकर्ती
रेव्हनच ठेवते. बाकी आज सकाळी गॅलरीच्या कठड्यावर एक काळाकुट्ट बसला होता. डोमकावळा म्हणून मुलाला हाक मारून दाखवला, फोटो काढला. तो पोळीचा तुकडा घ्यायला उन्हात सरकला, तर मानेला राख!