मदत हवी आहे : कृष्णवर्णीय लेखिकांच्या भयकथा
नमस्कार मंडळी. टोनी मॉरिसन यांची १९८७ची ‘बिलव्हड’ संपवली आणि दोन रात्री झोप नाही. केकवर उमटलेले बाळाच्या हातांचे ते दोन इवलेसे ठसे डोळ्यांसमोरून हलतच नाहीत! गुलामगिरीच भूत होऊन घरात राहायला आलेली. मग तनानारीव्ह ड्यू यांची ‘द रिफॉर्मेटरी’ घेतली. १९५०चं फ्लोरिडा, सुधारगृहात डांबलेला १२ वर्षांचा मुलगा, त्याला भुतं दिसतात. पण मला खरी धास्ती बसली ती तिथल्या जिवंत माणसांची.

आता आमच्या वाचनकट्ट्यावर या लेखिकांसाठी एक संध्याकाळ ठेवायची आहे. काहींना इंग्रजी कादंबरी झेपत नाही, म्हणून छोट्या कथा सुचवाल का? कुणी मराठी अनुवाद वाचलाय? आणि केसी लेमन्स यांचा ‘ईव्हज बायू’ हा चित्रपट सबटायटल्ससह कुठे मिळेल?