धोका फक्त दवाखान्यात नव्हता

करोनाचा खरा धोका डॉक्टर आणि नर्सनाच होता, ऑफिसवाल्यांनी उगाच बाऊ केला, हे तुमचं म्हणणं मला अजिबात पटत नाही. डॉक्टर-नर्सनी सोसलं ते कमी लेखायचं नाहीच. पण दक्षिण कोरियाच्या सोल शहरातल्या कॉल सेंटरचं उदाहरण बघा.

मार्च २०२० मध्ये तिथल्या एका १९ मजली इमारतीत अकराव्या मजल्यावरच्या २१६ कर्मचाऱ्यांपैकी ९४ जणांना लागण झाली. जवळजवळ सगळे मजल्याच्या एकाच बाजूला बसणारे. आणि लिफ्ट, लॉबी तर सगळ्यांना सामाईक! तरी पूर्ण इमारतीत तपासलेल्या ११४३ जणांत बाधित निघाले ९७. म्हणजे लिफ्टमधल्या दोन मिनिटांपेक्षा दिवसभर खेटून बसून बोलत राहणं भारी पडलं.

माझी मावसबहीण अशाच कामात होती. एसीसाठी खिडक्या कायमच्या बंद, दोन खुर्च्यांत हातभर अंतर. पलीकडच्या गिऱ्हाईकाला नीट ऐकू जावं म्हणून मास्क हनुवटीवर, आणि शिफ्ट बदलली की तोच हेडसेट दुसऱ्याच्या कानाला. सुट्टी घेतली तर पगार कापला जायचा, म्हणून कणकण असली तरी लोक यायचे. तीही गेली होती, घरात सासरे दम्याचे असताना.

त्यामुळे हुद्दा काय हे विचारण्याआधी हवा खेळती आहे का, किती तास बोलावं लागतं आणि आजारपणाची भरपगारी रजा मिळते का, हे विचारायला हवं. आमच्याकडे तेव्हा हे कुणीच विचारलं नाही.